यूएमडी गेलं, पेनड्राइव्ह राहिला

आधी एक गंमत सांगते. आपल्या रेल्वे स्टेशनचा कोड वर्षानुवर्षं यूएमडी होता. पुण्या-मुंबईचं तिकीट काढताना ही तीन अक्षरं आपल्यापैकी प्रत्येकाने कधी ना कधी टाइप केली असतील. शहराचं नाव २०२३ मध्ये धाराशिव झालं, स्टेशनचं २०२५ मध्ये झालं, आणि त्याबरोबर कोडही बदलून डीआरएसव्ही झाला. आता योगायोग बघा. त्याच्या काही महिने आधी, डिसेंबर २०२४ मध्ये, रिॲक्टची १९ वी आवृत्ती आली आणि तिच्यातूनही यूएमडी काढून टाकलं! म्हणजे एका वर्षाच्या आत दोन यूएमडी गेली. रिॲक्टवाल्यांना आपल्या स्टेशनची काही कल्पना नसणार हे मान्य, पण मला मात्र फार मजा वाटली.

स्टेशनच्या यूएमडीचं काही वाटत नाही. गाडी तीच, फलाट तोच, उशीरही तोच. पण दुसरं यूएमडी गेलं त्याचा धक्का थेट आपल्या होस्टेलमधल्या पेनड्राइव्हपर्यंत आलाय आणि कोणी त्याबद्दल बोलत नाही. म्हणून हा लेख.

(संपादक मंडळातली एक मैत्रीण म्हणाली, "अगं, टेक्निकल आहे तर इंग्लिश विभागात दे ना." मी मुद्दाम मराठीत लिहितेय. दहावीपर्यंत कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे माझं मराठी कसं आहे ते पुढे दिसेलच, सांभाळून घ्या. पण इंग्लिश विभाग आपल्या होस्टेलवर किती जण वाचतात तेही मला माहीत आहे!)

आता यूएमडी म्हणजे काय ते कळायला जरा मागे जावं लागेल. जावास्क्रिप्ट ही भाषा १९९५ मध्ये ब्रेंडन आइक यांनी नेटस्केपसाठी दहा दिवसांत तयार केली, ही गोष्ट तुम्ही लेक्चरला ऐकली असेल. त्या घाईत एक सोय राहूनच गेली, ती म्हणजे वेगवेगळ्या फाइलींना वेगवेगळ्या खोल्या देणं. पानावर तुम्ही दहा स्क्रिप्ट टॅग लावले तर त्या दहाही फाइली एकाच अंगणात राहतात. त्या अंगणाचं नाव विंडो. एका फाइलीत सगळ्यात बाहेर व्हार लिहून एखादं नाव ठेवलं की ते विंडोवर जाऊन बसतं, सगळ्यांना दिसतं, आणि सगळ्यांना बदलताही येतं. यालाच आपण ग्लोबल व्हेरिएबल म्हणतो.

लेडीज होस्टेलवाल्यांना हे लगेच कळेल. कोणाचे घरचे भेटायला आले की मावशी खालून हाक मारतात, "स्नेहल! भेटायला आलेत गं!" आणि तीन मजल्यांवरून तीन स्नेहल धावत येतात. दोघी परत जाताना मावशींना बोलून जातात ते वेगळं. जावास्क्रिप्टमध्ये याहून वाईट होतं. तिथे तिघी येतच नाहीत. जी सगळ्यात शेवटी राहायला आली तीच एकटी स्नेहल उरते, आधीच्या दोघी गायब! आणि एररसुद्धा येत नाही.

याचं सगळ्यात प्रसिद्ध भांडण डॉलरवरून झालं. प्रोटोटाइप नावाची लायब्ररी डॉलर हे चिन्ह फंक्शनचं नाव म्हणून वापरायची. २००६ मध्ये जॉन रेसिग यांची जेक्वेरी आली, तिलाही डॉलरच हवा होता. दोन्ही एका पानावर आल्या की नंतर लोड झालेली जिंकायची. शेवटी जेक्वेरीने नोकॉन्फ्लिक्ट नावाची सोय दिली. ती वापरली की जेक्वेरी डॉलर सोडते आणि आधी तो ज्याचा होता त्याला परत देते. एवढा समजूतदारपणा आमच्या मजल्यावर बादलीच्या बाबतीतही नाही.

विंडोवर काही नावं तर आधीपासूनच बसलेली असतात. फर्स्ट इयरच्या मुली हमखास नेम नावाचं व्हेरिएबल घेतात, त्यात मुलींच्या नावांची ॲरे ठेवतात, आणि लांबी विचारली की पाचच्या ऐवजी चाळीस-पन्नास काहीतरी उत्तर येतं. कारण विंडोला स्वतःचं नेम आहे आणि ते फक्त स्ट्रिंग ठेवतं. तुमच्या ॲरेची त्याने स्वल्पविराम घालून स्ट्रिंग करून टाकलेली असते, आणि मोजली जातात ती अक्षरं. हा प्रकार दरवर्षी लॅबमध्ये होतो, दरवर्षी अर्धा तास जातो.

आणि ही भांडणं फक्त फर्स्ट इयरची नाहीत. २०१८ मध्ये भाषेतच ॲरेसाठी फ्लॅटन नावाची नवी सोय येणार होती. पण मूटूल्स नावाच्या जुन्या लायब्ररीने तेच नाव स्वतःच्या पद्धतीने ॲरेवर आधीच चिकटवून ठेवलं होतं. नवी सोय आली तर मूटूल्स वापरणाऱ्या जुन्या साइट्स मोडल्या असत्या. मग जगभरातल्या मोठमोठ्या लोकांनी वाद घातला, कोणीतरी गमतीने स्मूश असं नाव सुचवलं, आणि अखेर ते नुसतं फ्लॅट झालं. कोणीतरी दहा-बारा वर्षांपूर्वी अंगणात ठेवलेल्या एका नावापुढे भाषेला वाकावं लागलं!

यावरचा उपाय लोकांनी फार पूर्वी शोधला होता. सगळा कोड एका फंक्शनमध्ये गुंडाळायचा आणि ते फंक्शन तिथल्या तिथे चालवायचं. फंक्शनच्या आतली नावं बाहेर दिसत नाहीत. बाहेर एकच नाव ठेवायचं आणि जे काही द्यायचं ते त्या नावाच्या पोटात द्यायचं. म्हणजे खोलीत दहा जणी राहोत, दारावर पाटी एकच.

आपल्या मराठीतलंच उदाहरण देते, कारण ते रोज वापरूनही कोणाला माहीत नसतं. मराठी विकिपीडिया १ मे २००३ ला सुरू झाला. तिथे लिहिताना साध्या कीबोर्डवरून रोमन अक्षरं मारली की देवनागरी उमटते. (ब्राउझरमध्ये मराठी लिहायची अशी सोय त्या दशकात ओंकार जोशी यांच्या गमभननेही करून दिली होती. आमच्या घरात मोठ्या माणसांना आजही गमभन आठवतं.) विकिपीडियावरच्या सध्याच्या सोयीमागे जेक्वेरी डॉट आयएमई नावाची लायब्ररी आहे. तिच्यात प्रत्येक भाषेच्या प्रत्येक कीबोर्डची एक वेगळी छोटी फाइल आहे. मराठीची अक्षरांतरणाची एक, इनस्क्रिप्टची आणखी एक. फाइल उघडून बघा, कोड सगळ्यांना खुला आहे. आत नियमांच्या जोड्या आहेत: डावीकडे काय टाइप झालं, उजवीकडे त्याचं काय करायचं. आणि ही पूर्ण यादी एका फंक्शनमध्ये गुंडाळलेली आहे. त्या फंक्शनला बाहेरून फक्त एक ग्लोबल मिळतो, जेक्वेरी. फाइल त्याच्याकडे आपली नोंद करते आणि गप्प बसते. तमिळ, बंगाली, मल्याळम, मराठी, सगळ्यांच्या फाइली एकाच पानावर येऊ शकतात आणि कोणीही कोणाच्या पायावर पाय देत नाही.

मला हे फार आवडतं. ग्लोबल म्हटलं की आपल्याकडे लगेच कानावर हात ठेवतात. कॅम्पसच्या मुलाखतीतही "ग्लोबल व्हेरिएबल वाईट का?" हा प्रश्न असतो आणि आपण उत्तर पाठ करून जातो. पण विचार करून ठेवलेलं एक नाव आणि विसरून सांडलेली पन्नास नावं यांत फरक आहे की नाही?

असो. मग पुढे काय झालं? गुंडाळण्याचे प्रकार वाढले. २००९ मध्ये नोड आलं, त्याने रिक्वायरची पद्धत घेतली. ब्राउझरवाल्यांनी एएमडी नावाची दुसरी पद्धत काढली. आणि साधा स्क्रिप्ट टॅग लावणारे आपल्यासारखे लोक होतेच. तेव्हा लायब्ररीवाल्यांनी एक मधला मार्ग काढला, तोच यूएमडी. फाइलीच्या डोक्यावर चार ओळी असतात. त्या आधी विचारतात, इथे एएमडी आहे का? नाही? मग नोडसारखं काही आहे का? तेही नाही? बरं, मग मी विंडोवर एक नाव ठेवून बसते. रिॲक्ट अशीच यायची. एक फाइल उतरवून घ्या, टॅग लावा, रिॲक्ट नावाचा ग्लोबल हजर. ना इन्स्टॉल, ना सर्व्हर.

२०१५ मध्ये इम्पोर्ट-एक्स्पोर्टची खरी मॉड्यूल्स भाषेतच आली, आणि २०१७-१८ पर्यंत सगळ्या मोठ्या ब्राउझरांमध्ये पोचली. छान झालं. म्हणून रिॲक्टने यूएमडी बंद केलं आणि सांगितलं की आता टॅगच लावायचा असेल तर इंटरनेटवरच्या मॉड्यूल देणाऱ्या सर्व्हरवरून घ्या. त्यांच्या बाजूने बरोबरच आहे. फक्त त्यांच्या गृहीतात दोन गोष्टी आहेत: नेट आहे, आणि पान कुठल्यातरी सर्व्हरवरून येतंय.

मागच्या वर्षी एका ग्रुपने आपल्या जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेसाठी पाढ्यांचा खेळ बनवला. मी त्या ग्रुपमध्ये नव्हते, पण सोबत गेले होते. (गाडीत जागा होती आणि येताना नळदुर्गचा किल्ला बघायचं ठरलं होतं, खोटं कशाला बोलू?) खेळ खरंच सुंदर होता. लॅबमध्ये सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या. शाळेत एक कॉम्प्युटर, नेट नाही. चौथीची पोरं भोवती गोळा झाली, पुढची गुडघ्यावर, मागची बाकावर. पेनड्राइव्ह लावला, फाइलीवर डबल क्लिक केलं. पांढरं पान. परत केलं. परत पांढरं.

गुरुजी म्हणाले, "पान उघडलंय की, पण आत काहीच दिसंना झालंय."

कोडमध्ये चूक नव्हती. मॉड्यूल असलेलं पान डबल क्लिक करून उघडलं की पत्ता एचटीटीपीने नाही तर फाइल या शब्दाने सुरू होतो, आणि अशा पानाला शेजारची मॉड्यूल फाइल वाचायला ब्राउझर सुरक्षेच्या कारणाने साफ मनाई करतो. लॅबमध्ये चाललं कारण तिथे मागे सर्व्हर चालू होता. मग गुरुजींनी स्वतःच्या फोल्डरमधलं एक जुनं पान उघडलं. कोणी बनवलं, कधी बनवलं, काही लिहिलेलं नव्हतं. हिरव्या पार्श्वभूमीवर लाल अक्षरं, खाली पळणारी पट्टी. साधे स्क्रिप्ट टॅग, सगळं ग्लोबल. ते चाललं! पोरांनी त्यावरच बेरजा केल्या आणि आपले भावी इंजिनिअर मागे उभे राहून फोनला रेंज शोधत होते.

परत येताना गाडीत सगळ्यांचं म्हणणं एकच, "शाळेत नेट पाहिजे." पाहिजेच, नाही कोण म्हणतं? पण ते येईपर्यंत ती चौथी सातवीत जाईल. आणि उपाय तर नेटशिवायच होता, तोही लॅपटॉपवर एका ओळीचा. ग्रुपमधल्या एकालाही तो माहीत नव्हता, कारण आपल्याला कोणी तो शिकवतच नाही.

तो उपाय म्हणजे बंडलर. हे काही जादूचं नाही. तुम्ही त्याला पहिली फाइल दाखवता. तो तिच्यातले इम्पोर्ट वाचतो, त्या फाइली उघडतो, त्यांच्यातले इम्पोर्ट वाचतो, असं करत सगळं झाड उभं करतो. मग कोणाच्या आधी कोण पाहिजे तो क्रम लावतो. दोन फाइलींत एकच नाव असेल तर एकाला शेपूट लावून वेगळं करतो. रिॲक्टची कंसवाली लिहिण्याची पद्धत किंवा टाइपस्क्रिप्ट असेल तर त्याचं साधं जावास्क्रिप्ट करतो. आणि शेवटी हे सगळं त्याच जुन्या फंक्शनमध्ये गुंडाळून एक फाइल देतो, बाहेर एकच ग्लोबल नाव. ते नाव तुम्ही सांगायचं. २०१२ पासूनचं वेबपॅक, २०१५ चं रोलअप, २०२० चं ईएसबिल्ड, तिन्हींना हे येतं. फक्त फाइल आयआयएफई प्रकारची हवी, म्हणजे गुंडाळून तिथल्या तिथे चालवलेलं फंक्शन. अशी फाइल साध्या स्क्रिप्ट टॅगने, पेनड्राइव्हवरून, डबल क्लिकने चालते. तुम्ही लिहिताना नव्या पद्धतीने खोल्या पाडून लिहा, बाहेर जाताना एकच गाठोडं न्या. रिॲक्टने यूएमडी बंद केलं तरी काही अडत नाही. रिॲक्ट एकदा वायफायवर असताना उतरवून घेतली की तीही त्याच गाठोड्यात जाते.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. डेटाची फाइल फेचने आणायला गेलात तर डबल क्लिकच्या पानावर तेही अडतं. पाढे, प्रश्न, चित्रांची नावं, सगळं इम्पोर्ट करून गाठोड्यातच घालावं लागतं. ईएसबिल्ड जेसन फाइलसुद्धा आत घेतं.

मी हे आमच्या एका सरांना सांगितलं. सर म्हणाले, "हे जुनं झालं आता, इंडस्ट्रीत असं करत नाहीत." सरांचा आदर आहे, पण मला हे पटलं नाही. जुनं काय आहे? फाइल उघडली की ती चालावी, ही अपेक्षा जुनी झाली का? पुण्याच्या कंपनीत सर्व्हर चोवीस तास चालतो म्हणून तिथे ती गरज नाही. इथे रात्री लाइट गेली की वायफायचा डबा बंद आणि लॅपटॉप चालू, असे दोन-तीन तास आपण सगळ्यांनी काढलेत. इंडस्ट्रीतल्या लोकांनी त्यांच्या गरजेप्रमाणे ठरवलं, आपण आपल्या गरजेप्रमाणे का ठरवू नये?

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे. आमच्या वर्गातल्या एका मुलाने काढला. गाठोड्यात लायब्ररी एकदा बांधली की ती तिथेच गोठते. उद्या तिच्यात काही धोका सापडला, दुरुस्ती आली, तरी शाळेतल्या पेनड्राइव्हला ते कळणार नाही. शिवाय सगळं एकदम लोड होतं, लागेल तेवढं तुकड्याने आणायची सोय आयआयएफईत नाही. दोन्ही मान्य. बँकेची साइट अशी करू नका. पण नेटच नसलेल्या कॉम्प्युटरवर पाढ्यांच्या खेळाला कोण हॅक करणार? आणि तुकडे आणायचे कुठून, नेट नाही म्हणूनच तर हा खटाटोप.

तेव्हा वेब लॅबच्या सरांना आणि मॅडमना माझी विनंती आहे. एक प्रॅक्टिकल, दोन तासांचं. तीन छोटी मॉड्यूल्स लिहायला लावा, बंडल करायला लावा, मग सगळ्यांची वायफाय बंद करा आणि पेनड्राइव्हवरून शेजारच्या मुलीच्या मशीनवर उघडायला सांगा. उघडलं तर सही. आणि जे प्रोजेक्ट शाळेसाठी, ग्रामपंचायतीसाठी, कोणाच्या दुकानासाठी म्हणून दाखवले जातात त्यांना ही परीक्षा सक्तीची करा. सजावटीचे मार्क कमी करा हवं तर. नोड मॉड्यूल्सचं ते अवाढव्य फोल्डर पेनड्राइव्हवर कॉपी करत बसलेली मुलं तुम्ही पाहिली असतील, हजारो बारक्या फाइली, चहा पिऊन येईपर्यंत अर्धाही होत नाही. बंडलची एक फाइल तेवढ्यात दहा जणांना वाटून होईल.

राहिला नावाचा प्रश्न. प्रत्येक प्रोजेक्टचा एक ग्लोबल म्हणजे प्रत्येकाला एक नाव लागणार, आणि उद्या दोन प्रोजेक्ट एका पानावर आले तर पुन्हा तीन स्नेहलचा गोंधळ. त्यासाठी एक वही ठेवूया, होस्टेलच्या आउट रजिस्टरसारखी. नाव, ग्रुप, तारीख. आधी घेईल त्याचं नाव. आणि नाव इंग्लिशच पाहिजे असंही नाही! जावास्क्रिप्टमध्ये व्हेरिएबलचं नाव देवनागरीत चालतं, काना-मात्रा-वेलांटीसकट. माझ्यासारखीला हे कळल्यावर केवढा आनंद झाला म्हणून सांगू.

वही मी आणली आहे. वेब लॅबच्या दाराशेजारच्या टेबलावर, वरच्याच खणात आहे, पेन दोऱ्याने बांधलंय. चार नावं आलीत. "पाढे" घेतलेलं आहे, त्या नळदुर्गवाल्या ग्रुपनेच घेतलंय. त्यांचं नवं बंडल तयार आहे आणि शाळा दिवाळीनंतर उघडते आहे. या वेळीही गाडीत एक जागा शिल्लक आहे, यायचं असेल तर वहीच्या शेवटच्या पानावर नाव लिहा.